छिंगकालीन चीनमधील परगणाधिकारी आणि दिवाणी तंट्यांचा निवाडा

साम्राज्यकालीन चीनच्या न्यायव्यवस्थेविषयी एक समज दीर्घकाळ रूढ होता. तो असा की, त्या देशात फौजदारी कायदा होता. दिवाणी कायदा म्हणता येईल असे काही नव्हते. जमीन, कर्ज, वारसा आणि विवाह ह्यांसंबंधीचे तंटे कुळातील वडीलधारी माणसे किंवा गावातील मध्यस्थ मिटवीत. क्वचित् एखादा तंटा सरकारी अधिकाऱ्यापुढे आलाच, तर कायद्याचे कलम न पाहता तो नीतीचा उपदेश करी आणि उभय पक्षांची समजूत घालून त्यांना घरी पाठवी.

ह्या समजाला आधार नव्हता असे नाही. खटल्यांचा न्याय चांगला करण्यापेक्षा खटलेच उत्पन्न होऊ नयेत ही स्थिती श्रेष्ठ, असे कन्फ्यूशियसच्या परंपरेने शिकविले होते. कांग्शी सम्राटाने १६७० मध्ये प्रजेच्या आचरणासाठी सोळा सूत्रे प्रसृत केली. शेजाऱ्यापाजाऱ्यांत सलोखा राखावा आणि त्यायोगे कज्जेदलाली टाळावी, हा त्यांतील तिसऱ्या सूत्राचा आशय होता. शिवाय त्या काळची विधिसंहिता पाहिली, तर तीत जवळजवळ प्रत्येक कलमाच्या शेवटी फटक्यांची संख्या सांगितलेली आढळते. अशा ग्रंथात दिवाणी हक्कांचा शोध घेणे व्यर्थ होय, असे वाचणाऱ्यास वाटावे हे साहजिकच होते.

परंतु अधिकाऱ्यांनी काय करावे हे सांगणारे ग्रंथ आणि अधिकारी प्रत्यक्षात काय करीत ह्याची कागदपत्रे, ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थानिक कचेऱ्यांची दप्तरे अभ्यासकांना उपलब्ध झाली. सिचुआन प्रांतातील बाश्येन येथील दप्तर १९५३ मध्ये उजेडात आले. त्यातील प्रकरणांची संख्या सुमारे १,१३,००० असून त्यांचा आरंभ १७५७ पासून होतो. उत्तर तैवानमधील तानशुई-सिनचू येथील दप्तरात अकराशेहून अधिक प्रकरणे आहेत. राजधानीजवळील पाओती परगण्याची कागदपत्रेही जतन झालेली आहेत. ह्या दप्तरांतील अर्ज, शेरे, जबान्या आणि निकाल वाचल्यावर जुना समज तसाच्या तसा टिकू शकत नाही. मग परगण्याचा अधिकारी न्यायाधीश होता की मध्यस्थ होता? ह्या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात छिंग घराण्याच्या (१६४४–१९१२) काळापुरता केला आहे.

१. अधिकारी आणि त्याची कचेरी

छिंग साम्राज्यात प्रशासनाचा सर्वांत खालचा सरकारी घटक म्हणजे श्येन, अर्थात परगणा. अशा परगण्यांची संख्या सुमारे १,३०० होती. प्रत्येक परगण्यावर एक अधिकारी नेमलेला असे. नऊ श्रेणींच्या नोकरशाहीत त्याचे स्थान सातव्या श्रेणीत होते. म्हणजे दरबाराच्या दृष्टीने तो सामान्य अधिकारी होता. प्रजेच्या दृष्टीने मात्र राजसत्ता म्हणजे तोच. लोक त्याला ‘मायबाप अधिकारी’ म्हणत. सारावसुली, शांतता व सुव्यवस्था, धान्याची कोठारे, परीक्षांची पहिली पायरी आणि न्यायदान ही सर्व कामे त्या एकाच व्यक्तीकडे होती. न्यायखाते असे वेगळे नव्हते.

ह्या अधिकाऱ्याची निवड कन्फ्यूशियन ग्रंथांवरील परीक्षांतून होई. कायद्याचे पद्धतशीर शिक्षण त्याला मिळालेले नसे. शिवाय कोणाही अधिकाऱ्याची नेमणूक त्याच्या स्वतःच्या प्रांतात करावयाची नाही असा नियम होता. आप्तेष्टांचा दबाव पडू नये हा त्याचा हेतू. पण परिणाम असा होई की, नव्याने आलेल्या अधिकाऱ्याला तेथील बोली कळत नसे आणि जमीनधाऱ्याच्या स्थानिक चालीरीतीही ठाऊक नसत. त्या समजून घेतो न घेतो तोच त्याची बदली होई.

ही उणीव भरून काढण्यासाठी तो खाजगी सल्लागार बाळगी. त्यांना ‘मूयोउ’ म्हणत. ह्यांत न्यायविषयक सल्लागार सर्वांत महत्त्वाचा. तो सरकारी नोकर नसे. अधिकारी त्याला आपल्या पदरचे वेतन देई व पाहुण्याप्रमाणे मानाने वागवी. विधिसंहितेचा खरा जाणकार तोच असे. आलेल्या अर्जांवर कोणता शेरा मारावा ह्याचा मसुदा बहुधा तोच तयार करी. वांग हुइत्सू (मृत्यू १८०७) ह्याने तीस वर्षांहून अधिक काळ असे सल्लागाराचे काम केले, १७७५ मध्ये सर्वोच्च परीक्षा उत्तीर्ण झाला आणि पुढे हुनान प्रांतातील निंगयुआन परगण्याचा अधिकारी झाला. कचेरीच्या दोन्ही बाजू पाहिलेल्या ह्या गृहस्थाने लिहिलेले मार्गदर्शनपर ग्रंथ एकोणिसाव्या शतकात अधिकाऱ्यांच्या नित्य वाचनात होते.

कचेरीत ह्याखेरीज दोन वर्ग होते. एक कारकुनांचा. मध्यवर्ती सरकारच्या सहा खात्यांच्या धर्तीवर त्यांचे सहा विभाग केलेले असत. दुसरा प्याद्यांचा; समन्स पोहोचविणे, पक्षकारांना व साक्षीदारांना हजर करणे, जागेची पाहणी करणे ही त्यांची कामे. कारकुनांचे सरकारी वेतन सतराव्या शतकातच बंद झाले होते आणि प्याद्याला वर्षाकाठी सुमारे सहा ताएल रुपे मिळे, त्यात कुटुंबाचा निर्वाह अशक्यच होता. खुद्द परगणाधिकाऱ्याचे मूळ वेतन ४५ रौप्यमुद्रा-भार एवढेच होते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात योंगचंग सम्राटाने ‘सचोटी-पोषक’ भत्ता सुरू केला, तेव्हा त्याची प्राप्ती बरीच वाढली. पण कारकून व प्यादे ह्यांना रूढ फीवरच जगणे भाग होते. अर्ज लिहिण्याची फी, दाखल करण्याची फी, प्याद्याच्या जोड्यांची फी, सुनावणीची फी आणि शेवटी प्रकरण मिटविण्याचीही फी. ही वस्तुस्थिती ध्यानात ठेवल्याशिवाय पुढील विवेचन नीट उमगणार नाही. कारण कचेरीची पायरी चढणाऱ्याला न्याय मिळो वा न मिळो, खर्च निश्चित होता.

२. ‘क्षुल्लक बाबी’

छिंग कायद्यात दिवाणी आणि फौजदारी असा भेद ह्या नावांनी केलेला नव्हता. तथापि व्यवहारात एक विभागणी होती, आणि ती शिक्षेच्या तीव्रतेवर आधारलेली होती. बांबूचे फटके किंवा मानेत लाकडी खोडा घालणे एवढ्यावर ज्या प्रकरणाचा निकाल लागू शकेल, ते प्रकरण परगणाधिकारी स्वतःच्या अधिकारात निकालात काढी. सक्तमजुरी, हद्दपारी किंवा देहान्त शासनास पात्र असलेली प्रकरणे मात्र आपोआप वर जात. जिल्हा, प्रांतिक न्यायाधिकारी, सुभेदार, राजधानीतील दंडखाते अशी त्यांची फेरतपासणी होई. आणि देहान्ताच्या शिक्षेला सम्राटाची संमती लागे.

घरसंसार, विवाह, शेती व जमीन ह्यांसंबंधीचे तंटे पहिल्या वर्गात मोडत. सरकारी भाषेत त्यांना ‘क्षुल्लक बाबी’ असे नाव होते. क्षुल्लक हा शब्द दरबाराच्या दृष्टिकोनाचा द्योतक आहे. ज्याची दोन बिघे जमीन जात होती त्याच्या दृष्टीने ती बाब क्षुल्लक नव्हती. अनुभवी अधिकाऱ्यांनाही हे ठाऊक होते. वेळीच न मिटलेला बांधाचा किंवा कर्जाचा तंटा हाणामारीत आणि प्रसंगी खुनात परिणत होई. अठराव्या शतकात लोकसंख्या वाढली, जमिनीच्या किंमती चढल्या आणि असे प्रसंग वाढले, हे क्वांगतुंग, सिचुआन आणि शान्तुंग प्रांतांतील मनुष्यवधाच्या प्रकरणांच्या अभ्यासावरून दिसून आले आहे. एकदा खून झाला की, तीच क्षुल्लक बाब राजधानीपर्यंत पोहोचे आणि परगणाधिकाऱ्याच्या कारभाराची छाननी सुरू होई.

ह्या प्रकरणांत अधिकाऱ्याला पूर्ण मोकळीक होती असे मात्र नव्हे. ती वीस दिवसांत निकालात काढावीत असा नियम होता. त्यांची नोंदवही ठराविक काळाने वरिष्ठांकडे पाठवावी लागे. निकालाने असंतुष्ट झालेला पक्षकार जिल्ह्याच्या कचेरीत दाद मागू शकत असे. परगण्याची पायरी वगळून थेट वर जाणाऱ्याला मात्र ५० फटक्यांची शिक्षा सांगितली होती.

३. अर्जापासून निकालापर्यंत

दिवाणी स्वरूपाचे अर्ज बारा महिने घेतले जात नसत. चांद्र पंचांगातील चौथ्या महिन्याच्या प्रतिपदेपासून सातव्या महिन्याच्या अखेरपर्यंत शेतीचा हंगाम असल्यामुळे कचेरी त्यांच्यापुरती बंद असे. खून, दरोडा इत्यादी प्रकरणांना हा निर्बंध नव्हता. उरलेल्या महिन्यांतही ठराविक तिथींनाच अर्ज स्वीकारीत. बहुतेक ठिकाणी ज्या तारखांच्या शेवटी ३, ६ किंवा ९ हे अंक येतात त्या, म्हणजे महिन्यातून नऊ दिवस. पुढे अनेक परगण्यांत ३ व ८ हे अंक ठरले, म्हणजे महिन्यातून सहाच दिवस. ह्यामुळे त्या दिवशी कचेरीपुढे झुंबड उडे. निंगयुआनमध्ये अर्ज घेण्याच्या एका दिवशी दोनशेच्या आसपास कागद येत, असे वांग हुइत्सू ह्याने नमूद करून ठेवले आहे. खटल्यांपासून दूर पळणारी प्रजा हे चित्र ह्या आकड्याशी जुळत नाही.

अर्ज छापील नमुन्यावर करावा लागे. त्यावर चौकटी आखलेल्या असत व एका चौकटीत एकच अक्षर लिहावयाचे, त्यामुळे मजकुराला आपोआप मर्यादा पडे. सरकारमान्य अर्जनवीसाचा शिक्का त्यावर आवश्यक होता. स्त्रिया, वृद्ध आणि परीक्षा उत्तीर्ण झालेले पदवीधर ह्यांना स्वतः न येता मुखत्याराकरवी अर्ज द्यावा लागे. पदवीधराच्या प्रतिष्ठेला आणि स्त्रीच्या मर्यादेला जपणे हे कारण सांगितले जाई. पण ज्याला फटके मारता येत नाहीत त्याने खोटी फिर्याद केल्यास शिक्षा कोणाला करावयाची, हा व्यावहारिक विचारही त्यामागे होता.

अर्ज वाचून अधिकारी त्याच्या शेवटी शेरा लिही. हा शेरा म्हणजे छिंग न्यायपद्धतीचा कणा होय. फिर्याद दाखल करून घेतली किंवा नाकारली एवढेच त्यात नसे. मजकुरात विसंगती कोठे आहे, कोणता दस्तऐवज जोडलेला नाही, मध्यस्थाचे नाव का दिले नाही, भावाभावांनी अशा कारणावरून कचेरीत येणे कितपत शोभते, असे सर्व काही त्यात असे. शेरे कचेरीबाहेर लावले जात आणि उभय पक्षांना वाचावयास मिळत. प्रतिवादीही आपला अर्ज देई, त्यावर पुन्हा शेरा होई. अशा रीतीने प्रत्यक्ष सुनावणी होण्यापूर्वीच अधिकाऱ्याचा कल कोणीकडे आहे, ह्याचा अंदाज पक्षकारांना येत असे.

शेऱ्यानंतर प्रकरणाला तीनपैकी एक वाट मिळे. पहिली, फिर्याद नाकारली जाई. दुसरी, कुळाच्या प्रमुखांनी किंवा गावच्या पुढाऱ्यांनी चौकशी करून तोड काढावी असा हुकूम होई. तिसरी, प्याद्यांना समन्स देऊन पक्षकार, साक्षीदार आणि दस्तऐवज हजर करविले जात आणि सुनावणी होई. सुनावणीत उभय पक्ष अधिकाऱ्यापुढे गुडघे टेकून बसत. वकील नसे, प्रश्न अधिकारीच विचारी. सुनावणी आतल्या दालनात न करता बाहेरच्या मोठ्या दालनात लोकांसमक्ष करावी, म्हणजे एकाचा निवाडा ऐकून दहाजण आपला तंटा घरीच मिटवितात, असा वांग हुइत्सू ह्याचा आग्रह होता.

निकाल बहुधा तेथल्या तेथे सांगितला जाई आणि थोडक्यात लिहिला जाई. त्यानंतर दोन्ही पक्षांकडून राजीखुशीचा लेख घेत. आपण निकाल मान्य केला आहे, पुन्हा तंटा उपस्थित करणार नाही, असे त्यात लिहून द्यावयाचे. ह्या लेखावाचून प्रकरण पुरे झाले असे समजत नसत. मराठी वाचकाला येथे मराठेशाहीतील येजितखताची आठवण होईल. हरणाऱ्या पक्षाने आपला दावा खोटा झाल्याचे लिहून द्यावे, ही तेथील प्रथा होती. दोन्हींमध्ये कोणताही ऐतिहासिक संबंध नाही. परंतु निकालाची अंमलबजावणी करणारी स्वतंत्र यंत्रणा जेथे दुबळी असते, तेथे हरणाऱ्याच्या तोंडून व हातून मान्यता घेण्याला किती महत्त्व येते, हे दोन्ही उदाहरणांवरून दिसते.

४. दंडाच्या भाषेतील हक्क

आता कायद्याच्या आधाराचा प्रश्न. छिंग विधिसंहिता १६४६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली आणि १७४० मध्ये तिला ४३६ कलमांचे स्थिर रूप प्राप्त झाले. कलमे बदलावयाची नाहीत, पण त्यांना जोडून पोटनियम करावयाचे, अशी पद्धत होती. १८७० पर्यंत ह्या पोटनियमांची संख्या एकोणीसशेच्या घरात गेली. संहितेच्या सात भागांपैकी एक भाग गृहविषयक होता. त्यात कुटुंब, शेतजमीन, विवाह, कोठारे, कर, कर्ज आणि बाजार ह्यांसंबंधीची कलमे होती.

ही कलमे निषेधाच्या रूपात आहेत. दुसऱ्याची जमीन चोरून विकणाऱ्याला अमुक फटके, असे कायदा म्हणतो. मालकाला आपल्या जमिनीचा हक्क आहे असे तो म्हणत नाही. मुलीचे लग्न ठरवून देणग्या स्वीकारल्यावर तिच्या पालकाने शब्द फिरविला तर ५० फटके, असे कलम आहे. वाङ्‌निश्चय बंधनकारक आहे असे विधान नाही. तथापि निषेधाच्या पोटात हक्क गृहीत धरलेला असतो. परगणाधिकारी जमिनीचा तंटा सोडविताना हा गृहीत हक्क उचलीत आणि कलमातील शिक्षा बहुतेक वेळा बाजूला ठेवीत. जमीन ज्याची त्याला परत मिळे. चोरून विकणाऱ्याला फटके बसतच असे नाही. कलमाचा क्रमांकही निकालात उद्धृत केलेला नसे. त्यामुळे निकाल वरवर वाचणाऱ्याला तो कायद्याशिवाय दिल्यासारखा भासतो.

काही ठिकाणी मात्र पोटनियमांनी दिवाणी तत्त्वे सरळ सांगितली होती. वडिलोपार्जित मालमत्ता मुलांमध्ये समसमान वाटावी, निपुत्रिक विधवेने पतीच्या कुळातून योग्य पिढीचा दत्तक घ्यावा, हे नियम ह्या प्रकारचे होत. कर्जाच्या बाबतीत व्याज दरमहा शेकडा तीनपेक्षा अधिक नसावे आणि कितीही काळ लोटला तरी एकूण व्याज मुदलाहून वाढू नये, अशी मर्यादा होती. हिंदू धर्मशास्त्रातील दामदुपटीच्या नियमाशी तिचे साम्य उघड आहे.

सर्वांत गुंतागुंतीचे तंटे ‘त्येन’ ह्या व्यवहारातून उद्भवत. त्येन म्हणजे परतीच्या शर्तीवर केलेली जमिनीची विक्री. ताबे-गहाण आणि मुदतखरेदी ह्या दोहोंची लक्षणे तीत होती. अडचणीत सापडलेला शेतकरी किंमतीच्या काही हिश्शावर जमीन देई. घेणारा ती कसून उत्पन्न खाई. मूळ रक्कम परत केली की जमीन सोडवून घेता येई. वडिलांची जमीन कायमची विकणे हा कुळाला कलंक समजला जात असल्यामुळे ही पद्धत फार प्रचलित होती. पण खतात शर्त स्पष्ट लिहिलेली नसली, तर दोन पिढ्यांनंतर नातू येऊन जमीन परत मागे किंवा किंमत वाढल्याचे सांगून वाढीव रकमेची मागणी करी. ह्यावर १७३० च्या पोटनियमाने असे ठरविले की, विक्री कायमची करून देताना वाढीव रक्कम एकदाच मागता येईल. १७५३ मध्ये आणखी एक पाऊल पुढे टाकण्यात आले. ह्यापुढे खतात परतीची शर्त आहे की विक्री कायमची आहे हे स्पष्ट लिहिलेच पाहिजे. आणि जुन्या संदिग्ध खतांच्या बाबतीत तीस वर्षांची मुदत धरावी, त्यानंतर सोडवणूक मागता येणार नाही. बाजाराला निश्चिती हवी होती आणि गरिबाला आपल्या जमिनीची आशा सोडवत नव्हती. ह्या दोहोंमधील तोल सांभाळण्याचा हा प्रयत्न होता. राज्यकर्ते दिवाणी व्यवहारांकडे सर्वस्वी उदासीन होते असे म्हणणाऱ्यांनी ह्या पोटनियमांचा अवश्य विचार केला पाहिजे.

पुराव्यात लेखी खताला अग्रस्थान होते. नोंदणी-कर भरून ज्यावर सरकारी शिक्का घेतला आहे ते ‘लाल खत’. शिक्का नसलेले ते ‘पांढरे खत’. कर वाचविण्यासाठी असंख्य व्यवहार पांढऱ्या खतावरच होत. अधिकारी तीही पुराव्यात घेत. मात्र लाल खतापुढे त्यांचे वजन कमी पडे. साऱ्याच्या पावत्या, कुळाच्या वंशावळी आणि व्यवहाराच्या वेळी हजर असलेल्या मध्यस्थाची जबानी हे पूरक पुरावे होत.

५. उपदेशाचे एक उदाहरण

उपदेशाने तंटा मिटविल्याची उदाहरणे काल्पनिक नाहीत. लान तिंगयुआन (१६८०–१७३३) हा १७२७ मध्ये क्वांगतुंग प्रांतातील फूनिंग परगण्याचा अधिकारी झाला. त्याने आपल्या निकालांच्या हकीकती लिहून ठेवल्या आहेत. त्यांतील एक प्रकरण दोन सख्ख्या भावांच्या सात मू जमिनीचे आहे. जमीन बापाने आपल्यालाच दिली असे दोघेही म्हणत आणि दोघांजवळही बापाचा शब्द दाखविणारे कागद होते. लानने दोघांना एकाच साखळीने जखडून ठेवविले. खाणे, झोपणे, उठणे सर्व एकत्र. पहिल्या दिवशी ते एकमेकांकडे पाठ करून बसले. काही दिवसांनी तोंडे वळली, उसासे निघू लागले, मग एकत्र जेवण सुरू झाले. पुढे लानने विचारले, तुम्हांस मुले किती? प्रत्येकाला दोन होती. दोन मुलगे असल्यानेच पुढे तंटा होतो, तेव्हा एकेक मुलगा भिकाऱ्यांच्या मुकादमाच्या स्वाधीन करावा, असे लानने सुचविताच दोघांच्याही डोळ्यांतून पाणी आले. अखेर जमीन एकाचीही न राहता वडिलांच्या श्राद्धासाठी राखून ठेवण्यात आली आणि तिचा खंड दोघांनी आळीपाळीने घ्यावा असे ठरले.

ही कथा पितृवत् न्यायाचा नमुना म्हणून सांगितली जाते. पण तिच्या शेवटी लानने जोडलेली टीप अधिक महत्त्वाची आहे. नेहमीच्या रीतीने निकाल द्यावयाचा तर दोघांना तीस-तीस फटके मारून जमीन निम्मी-निम्मी वाटून देता आली असती आणि चार शब्दांत काम झाले असते, असे तो म्हणतो. म्हणजे नेहमीची रीत कोणती हे त्याला चांगले ठाऊक होते. समान वाटणीचा नियम त्याच्या डोळ्यांपुढे होता. अनुकरणीय म्हणून लिहून ठेवलेले प्रकरण हे बहुधा नेहमीपेक्षा निराळे असते. अशा प्रकरणांवरूनच सर्व न्यायदानाची कल्पना करणे ही चूक होय.

६. न्यायाधीश की मध्यस्थ?

माक्स वेबर ह्याने चिनी न्यायदानाची गणना ‘काझीच्या न्याया’त केली होती, म्हणजे निश्चित नियमांवाचून, त्या त्या प्रसंगाच्या औचित्यावर दिलेला न्याय. जपानी विद्वान शिगा शूझो ह्याने अधिक सूक्ष्म विवेचन केले. त्याच्या मते अधिकारी तीन आधार मानीत: मानवी भावना व परिस्थिती, सर्वसंमत विवेक, आणि राज्याचा कायदा. दिवाणी तंट्यात पहिल्या दोहोंचा वरचष्मा असे आणि निकाल म्हणजे एक प्रकारची उपदेशपर तडजोडच असे. निकालाला उभय पक्षांची संमती घ्यावी लागे, ह्या गोष्टीवर त्याचा भर होता.

ह्याविरुद्ध फिलिप हुआंग ह्याने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वर उल्लेखिलेल्या तीन दप्तरांतील ६२८ दिवाणी प्रकरणे तपासली. त्यांपैकी २२१ प्रकरणांत रीतसर सुनावणी होऊन निकाल लागला होता आणि त्यांतील तीन-चतुर्थांशांहून अधिक निकाल एका पक्षाच्या बाजूने स्पष्टपणे दिलेले होते. सुनावणीपर्यंत गेलेल्या तंट्यात अधिकारी तडजोड सुचवीत बसत नसत; खत कोणाचे खरे, कर्ज कोणाकडे बाकी, हे ठरवून मोकळे होत. मात्र पुष्कळ प्रकरणे सुनावणीपूर्वीच मिटत. अधिकाऱ्याचा शेरा वाचून गावातील मध्यस्थ पुन्हा पुढे सरसावत. ज्याच्या विरुद्ध कल दिसे तो पक्ष नमते घेई. आणि प्रकरण मागे घेण्याचा अर्ज कचेरीत येई. ह्या अवस्थेला हुआंग ह्याने कचेरी आणि गाव ह्यांच्या दरम्यानचे तिसरे क्षेत्र असे म्हटले आहे.

दोन्ही पक्षांचे म्हणणे पाहता असे दिसते की, त्यांचे मतभेद काही अंशी भिन्न प्रश्नांतून उद्भवले आहेत. शिगा ह्याचा प्रश्न निकालाला अधिकार कोठून प्राप्त होतो हा आहे. हुआंग ह्याचा प्रश्न निकाल कोणत्या दिशेने लागतो हा आहे. छिंग निकाल पुढील न्यायाधीशांना बंधनकारक नव्हता, तो संमतीच्या लेखावाचून पुरा होत नव्हता, आणि पक्षकाराने पुन्हा अर्ज केल्यास तंटा नव्याने उघडता येत होता. ह्या अर्थी तो आधुनिक न्यायनिर्णयाहून भिन्न होता. तरीही तो मनमानी नव्हता. कोणता कागद दाखविला असता कोणता निकाल लागेल, ह्याविषयी लोकांच्या मनात अपेक्षा होती. त्या अपेक्षेवाचून दिवसाला दोनशे अर्ज आले नसते. निवाडा कायद्याने करावा आणि समेट भावनेने घडवावा. निवाड्यात एक जिंकतो व एक हरतो, समेटात कोणाचेच तोंड काळे होत नाही, अशा आशयाचे विवेचन वांग हुइत्सू ह्याने केले आहे. अनुभवी अधिकाऱ्याच्या मनात ही दोन कार्ये वेगळी होती, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

७. व्यवस्थेची मर्यादा

ह्या व्यवस्थेतील खरा दोष निकालाच्या स्वरूपात नसून त्या निकालापर्यंत पोहोचण्याच्या मार्गात होता. प्यादा समन्स घेऊन दारात उभा राहिला की दोन्ही पक्षांची झीज सुरू होई. ज्याच्याजवळ पैसा आहे तो तारीख लांबवू शके; ज्याच्याजवळ नाही त्याला पदरात पडेल तेवढ्यावर समेट करावा लागे. म्हणून समेटाची प्रत्येक नोंद सलोख्याचा पुरावा मानता येत नाही. तिच्यामागे कधी मनापासूनची तडजोड असे, तर कधी केवळ दमछाक.

कायदेशीर साहाय्याची सोय नव्हती. अर्ज लिहून देणारे आणि डावपेच शिकविणारे ‘सुंगशी’ नावाचे कज्जेदलाल होते. पण कायद्याने त्यांचा धंदा गुन्हा ठरविला होता. तंटे वाढतात ते ह्यांच्यामुळे, असे अधिकारी म्हणत. वस्तुतः चारशे चौकटींच्या आत आपले गाऱ्हाणे मांडून अधिकाऱ्याचे लक्ष वेधून घेणे निरक्षर शेतकऱ्याला किंवा मुखत्याराकरवी बोलणाऱ्या विधवेला त्यांच्यावाचून शक्य नव्हते. क्षुल्लक म्हणून अर्ज नाकारला जाऊ नये, ह्यासाठी मारहाणीचा खोटा आरोप जोडण्याची युक्तीही ह्यातूनच निघाली. राज्याने दिवाणी तंट्याला क्षुल्लक म्हटले, म्हणून प्रजेने त्याला फौजदारी रंग दिला.

विसाव्या शतकाच्या आरंभी शन च्यापन (१८४०–१९१३) ह्याच्या नेतृत्वाखाली कायद्याची सुधारणा हाती घेण्यात आली. १९१० च्या सुधारित संहितेत वारसा, वाटणी, विवाह, जमीन व कर्ज ह्यांसंबंधीच्या निव्वळ दिवाणी बाबींना शिक्षा लागू नये हे तत्त्व स्वीकारले गेले. दुसऱ्याच वर्षी क्रांती झाली आणि १९१२ मध्ये छिंग घराणे संपुष्टात आले. परंतु ह्या संहितेचा दिवाणी भाग प्रजासत्ताकानेही चालू ठेवला. १९२९ ते १९३१ ह्या काळात नवी दिवाणी संहिता टप्प्याटप्प्याने अमलात येईपर्यंत चिनी न्यायालये त्यावरच विसंबून होती. ज्या कायद्यात दिवाणी असे काही नाही असे म्हटले जात होते, त्यातून फटक्यांचे शब्द वगळताच जवळजवळ वीस वर्षे पुरेल एवढा दिवाणी कायदा शिल्लक राहिला. परगणाधिकारी हे वगळण्याचे काम आपल्या कचेरीत बसून त्यापूर्वी कित्येक पिढ्या करीत आले होते.